चौंडक्यासोबत चेलो: सूर कुणी सोडायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावचा एक चेलोवादक, गोव्याचे दोन व्हायोलिनवाले आणि पुण्याची एक व्हायोलावादक असं पाश्चात्त्य शिस्तीत तयार झालेलं क्वार्टेट आहे. सौंदत्तीकडच्या तिघांच्या चौंडकं-मेळासोबत (चौंडकं म्हणजे यल्लम्माची पदं म्हणताना छेडायचं एका तारेचं वाद्य) त्यांना अर्ध्या तासाचा कार्यक्रम बसवायचा आहे आणि हातात दोन महिने आहेत. पहिली तालीम फसली. तुम्ही, त्यातले चेलोवादक, लिहिता, "आम्ही सगळं लिहून नेलं होतं. त्या बाई दर वेळी वेगळ्याच सुरात सुरू करतात, लय वाढवत नेतात आणि आमची हार्मनी खाली घातली की सिनेमाचं पार्श्वसंगीत वाटतं. त्यांना एक सूर पक्का करायला सांगावं का? कानात क्लिक (मशीनचे ठोके) देऊन लय बांधावी का?"

पुढे तुम्ही थोरामोठ्यांचे दाखले देता आणि हे "दुसरी संस्कृती" समजून घेण्याचं काम आहे असंही म्हणता. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही. का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

माझं थोडं आधी सांगतो, म्हणजे मी कुठल्या बाजूचा ते कळेल. मी दोन्ही बाजूंचा आहे. कॅम्पातल्या एका गोवेकर मास्तरांकडे सहा वर्षं स्टाफ नोटेशन वाचत, उभ्याने, हनुवटीखाली व्हायोलिन धरून शिकलो. मग मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून वाजवायला शिकलो आणि पहिली दोन वर्षं दोन्हीकडे बेसूर झालो. पुढे नाट्यगीतं, कीर्तन, भजन यांची सोबत केली. गोंधळ्यांसोबत आणि गिगी पदं (कानडीतली पोवाड्यासारखी गाणी) म्हणणाऱ्यांसोबतही बऱ्याचदा बसलो. त्यामुळे तुमची फसलेली तालीम मला डोळ्यांसमोर दिसते. माझीही अशीच फसली होती.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. एका गोंधळाच्या पदाखाली मी तीन व्हायोलिन आणि एका चेलोसाठी फार सुरेख, म्हणजे मला सुरेख वाटणारे, कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर) लिहिले होते. म्हातारे गोंधळी दोन कडवी गायले, तिसऱ्याला थांबले, संबळवाल्याला हाताने खूण केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नीव बारस्री, नाव केळ्तीवि." तुम्ही वाजवा, आम्ही ऐकतो. रागाने नव्हे, अगदी आदराने. मला वाटलं कौतुक झालं. घरी पोहोचेपर्यंत अर्थ उतरला: त्यांना गायला जागाच उरली नव्हती.

तुमची खरी अडचण सूर किंवा लय ही नाहीच. गाण्याचा मालक कोण, हे तुमच्या कागदाने परस्पर ठरवून टाकलं आहे. कागदावर पट्टी ठरली, मात्रा ठरल्या, कडवी किती तेही ठरलं. मग त्या अक्कांनी आपल्याच गाण्यात पाहुण्यासारखं यायचं. सरकायचं कुणीतरी आहेच. माझं म्हणणं एवढंच, की ज्याचं वाद्य आणि ज्याचं शिक्षण सरकू शकतं त्याने सरकावं. तुमच्या चारही वाद्यांना सतारीसारखे पडदे नाहीत. यासाठी याहून सोयीची वाद्यं सापडणं कठीण.

आता सूर. "दर वेळी वेगळा" म्हणजे बेसूर नव्हे. चौंडकं कसं बोलतं ते हातात घेऊन बघितलंत का? पोकळ लाकडी भांडं, तळाला चामडं, चामड्याच्या मधोमध ओवलेली तार. ताण वाढवला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. त्याला स्वतःची पट्टी नाही, तो गळ्याला चिकटून चालतो. तुणतुण्याची खुंटीसुद्धा गाणारीचा आवाज लागल्यावर पिळतात. म्हणजे आधी गळा, मग तार. आपल्याकडे नेमकं उलटं: आधी ए ४४० (पाश्चात्त्यांचा ठरलेला सूर), मग बाकी जग. रात्रभर जागरण करून गायलेल्या बाईचा सकाळचा षड्ज खाली असणार आणि संध्याकाळी जेवून, पान खाऊन बसलेल्या बाईचा वर. त्यात चूक काय आहे?

तर करायचं असं. तीन वेगवेगळ्या दिवशी, तालमीच्या सुरुवातीला, त्यांना काही न सांगता एक पद गाऊ द्या आणि षड्ज कुठे लागतो ते टिपा. बहुतेक वेळा तो अर्ध्या-पाऊण सुराच्या पट्ट्यातच फिरतो असा माझा अनुभव आहे. मग मधली जागा धरून तुम्ही वाद्यं लावा. पेटीच्या भाषेत सांगतो, कारण त्यांच्यासोबत कधी पेटीवाला बसला असेल तर त्यांनाही तीच भाषा कळते. पांढरी एक म्हणजे सी, तिथून पांढऱ्या आणि काळ्या वेगवेगळ्या मोजायच्या. व्हायोलिनच्या चार तारा म्हणजे पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. आपल्याकडचे गाणारे मात्र काळ्यांवर जास्त: पुरुष काळी एक, बाया काळी चार-पाच. म्हणून क्वार्टेटला या पट्ट्या अडचणीच्या वाटतात, मोकळी तार कुठे कामालाच येत नाही. उपाय सोपा आहे. चारही वाद्यं अर्ध्या सुराने उतरवा. व्हायोलिनच्या चारही तारा पांढऱ्यांवरून काळ्यांवर येतात. बोटं पांढरी दोनची ठेवलीत की आवाज काळी एकचा, पांढरी सहाची ठेवलीत की काळी चारचा. वाचायला नेहमीचंच आणि मोकळ्या तारा पुन्हा जिवंत.

काळी पाच निघाली तर हे चालणार नाही. मग व्हायोलिनं तशीच ठेवा आणि फक्त चेलोच्या खालच्या दोन तारा पूर्ण सुराने उतरवा. सगळ्यात जाड तार काळी पाचवर येते, म्हणजे तीच षड्ज. तिच्या शेजारची पांढरी चारवर, म्हणजे पंचम. मोकळा खर्ज आणि मोकळा पंचम, याहून जास्त चेलोकडून पहिल्या महिन्यात मागूच नका. तारा उतरवल्यावर एक दिवस बसू द्या, नाहीतर निम्मी तालीम खुंट्या पिळण्यात जाते. तारांखालची घोडी सरळ उभी आहे ना, तेही बघा. ताण बदलला की ती हळूच कलते.

मधली जागा धरूनही कार्यक्रमाच्या दिवशी त्या थोड्या वर लागल्या तर? तर पद सुरू होऊ द्यायचं, पहिलं पालुपद फक्त ऐकायचं आणि बोटांनी तिथे जायचं. मोकळ्या तारा तेवढ्यापुरत्या सोडून द्यायच्या. सोबत करणारा प्रत्येक सारंगीवाला हे आयुष्यभर करत आला आहे.

सुराचीच आणखी एक बाब, आणि तुमच्या "सिनेमाचं पार्श्वसंगीत" या तक्रारीचं मूळ तिथेच आहे. ते मूळ म्हणजे गंधार. त्या पदांमधला गंधार बऱ्याचदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो, चढताना एक आणि उतरताना दुसरा. तो कुठल्या रागाचा नाही, त्या ओळीचा आहे. तुम्ही खाली मेजर (शुद्ध गंधाराचा) किंवा मायनर (कोमल गंधाराचा) कॉर्ड धरलात की त्याला खिळा ठोकलात. मग वरचा आवाज बेसूर वाटायला लागतो आणि दोष गाणारीवर येतो. साधा शुद्ध गंधारसुद्धा तंबोऱ्यात ऐकू येणारा नैसर्गिक घेतला तर पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) खाली असतो. तुमचे कान या दोन्हींपैकी कशावर तयार झालेत ते तपासा. माझा नियम: धरलेल्या सुरांत गंधार नाही. षड्ज-पंचम, फार तर षड्ज-मध्यम. आणि व्हिब्रॅटो (बोट हलवून सूर थरथरवणं) बंद. हाताला इतकी सवय असते की बंद केलाय असं वाटतं आणि तो चालूच असतो. एकमेकांचे डावे हात बघा.

कॉर्ड बदलत नेण्याबद्दलही सांगतो. चार कॉर्डची फेरी सुरू झाली की ऐकणाऱ्याला वाटतं, षड्जच जागचा हलला. चौंडक्याचं गाणं मात्र एका जागी पाय रोवून उभं असतं. त्याची सगळी गंमत न हलणाऱ्या सुराभोवती घिरट्या घालण्यात आहे. तुम्ही जमीनच सरकवलीत तर घिरट्या घालायच्या कशाभोवती?

लयीचं बोलू. क्लिक विसरा. लय वाढत जाते ती घाई म्हणून नाही. पद तापत जातं, ऐकणारे "उधो" असा देवीचा जयजयकार करायला लागतात, आणि लय त्यांच्यासोबत चढते. ती बांधून ठेवलीत तर तुम्हाला नीट वाजवता येईल, पण मग पद होणार नाही, पदाचं रेकॉर्डिंग होईल. क्वार्टेटमध्ये तुम्ही पहिल्या व्हायोलिनच्या श्वासाकडे बघून सुरू करता ना? इथे चौंडकं छेडणाऱ्या उजव्या हाताकडे बघा. चौघांनीही. म्हणजे बसायची जागा अशी हवी की तो हात चौघांना दिसेल. अर्धवर्तुळ, जवळजवळ. आणि तुम्ही खुर्च्यांवर, ते खाली सतरंजीवर, असं कृपा करून नको. एकतर सगळे एका उंचीवर बसा, नाहीतर ते उभे राहून गातात तसे उभेच राहू द्या.

कागदावर मात्रांचे खण पाडू नका. अर्ध्या पानावर एवढंच: पालुपदाचे शब्द, त्यांचा शेवटचा शब्द कुठल्या सुरावर टेकतो, कडवं संपत आलं हे कशावरून ओळखायचं. कडव्याच्या ओळी कमी-जास्त होतात, समोर कोण बसलंय त्यावर एखादं नाव आत येतं, एखादी ओळ दुसऱ्यांदा येते. मोजत बसलात तर चुकणार. शब्द ओळखलेत तर कधीच चुकणार नाही. तुम्ही बेळगावचे, कन्नड कानावर आहेच, पण गोव्या-पुण्याच्या तिघांना पालुपदं तोंडपाठ करावी लागतील, अर्थासकट.

इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. गोंधळात, पोवाड्यात, चौंडक्याच्या मेळात एक माणूस कायम असतो, ज्याच्याकडे आपण बघत नाही: झीलकरी. मुख्य गाणारी ओळ टाकते, हा मागून तीच ओळ उचलून झील ओढतो. तो स्वतःचं काही गात नाही, पण तो नसेल तर गाणारीला दम घ्यायला जागा नाही आणि पुढची ओळ आठवायला वेळ नाही. तुमच्या क्वार्टेटची जागा ती आहे. खाली पसरलेला हार्मनीचा गालिचाही व्हायचं नाही आणि सोलोही मारायचा नाही. झील ओढायची.

ते प्रत्यक्षात कसं, ते मी बसवतो तसं सांगतो. पहिल्या चार तालमींना गज वाद्याच्या खोक्यातच ठेवायचा. चौघांनी तोंडाने झील म्हणायची, त्यांच्या झीलकऱ्यासोबत, त्याच्याइतक्याच मोठ्याने. तुमच्यापैकी कुणी म्हणेल मला गाता येत नाही. तिकडच्या झीलकऱ्यालाही येत नाही असं तोच सांगेल. चार दिवसांनी श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द ओढायचा, कुठला तोडायचा हे अंगात बसतं आणि मग गज उचलला की तो आपोआप त्या शब्दाच्या लांबीचा पडतो. हे न करता जे गज मारतात त्यांचं वाजवणं परक्या भाषेतलं वाचन वाटतं: अक्षरं बरोबर आणि वाक्य चूक.

मग वाटणी. कडव्यात तोंड उघडायचं ते एकाच वाद्याने. पहिल्या व्हायोलिनने गाणारीच्या मागून जायचं, अर्धा श्वास उशिरा, मैफलीत पेटी किंवा सारंगी जाते तसं. बरोबरीने वाजवायचं नाही, कारण बरोबरीने वाजवायला पुढे काय येणार ते माहीत असावं लागतं आणि ते तिलाही गाईपर्यंत माहीत नसतं. झील आली की चौघं, खालच्या सप्तकात, मोकळ्या गजाने. व्हायोलाने मधे बोटाने तार छेडत तुणतुण्याला साथ द्यायची. ही कल्पना माझी नाही, एका तुणतुणेवाल्याने मला सुचवली होती: "ते मोठं व्हायोलिन आडवं धरून माझ्यासारखं वाजवा की." चेलो खर्जावर. तुम्ही चेलोवाले, तुम्हाला हे कमी वाटेल. तीन तालमींनंतर मला सांगा, कारण पद तापल्यावर तो एक सूर सोडून दिला तर काय होतं ते तुम्हाला तेव्हा कळलेलं असेल.

मग क्वार्टेटने स्वतःचं काहीच वाजवायचं नाही का? वाजवायचं, आणि जरूर. अर्ध्या तासातली सहा-सात मिनिटं तुमची. त्या वेळी त्या तिघांनी मंचावरच बसून ऐकावं. माझी शिफारस हंगेरियन संगीतकार बार्टोकची. त्याने दुसरा संगीतकार कोडाय याच्यासोबत हंगेरीच्या खेड्यांत फोनोग्राफ घेऊन फिरून गाणी गोळा केली आणि १९३१ मध्ये दोन व्हायोलिनसाठी ४४ छोटी द्वंद्वं लिहिली, बहुतेक लोकगीतांवर बांधलेली. एकेक मिनिट-दोन मिनिटांची. मी एकदा तालमीत त्यातली दोन वाजवून दाखवली तर सोबतच्या एका अक्कांनी विचारलं, हे कुठल्या गावचं पद? यापुढे ओळख करून द्यायला निवेदकाची गरज उरत नाही.

थोरामोठ्यांचे दाखले तुम्ही दिलेत म्हणून एक सांगतो. व्हायोलिनवादक मेन्युहिन आणि सतारवादक रविशंकर १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या बाथच्या महोत्सवात एकत्र वाजवायला बसले, तेव्हा तिलंगावरची रचना रविशंकरांनी मेन्युहिनसाठी बांधलेली होती. मेन्युहिनसारखा माणूससुद्धा आधी शिकणारा म्हणूनच बसला. क्रोनोस क्वार्टेटने २००५ मध्ये आशाबाईंसोबत आर. डी. बर्मनची गाणी केली, ती स्टुडिओत. तिथे एकावर एक थर चढवता येतात. तुम्हाला एका संध्याकाळी, एकदाच, समोरासमोर करायचं आहे. नक्कल करायची तर पहिल्याची करा.

आणि "दुसरी संस्कृती" हा शब्द जरा हलक्या हाताने वापरा. गोव्याच्या तुमच्या मित्रांना ती दुसरी असेल. आपल्याला किती दुसरी? अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले आणि मराठी नाट्यसंगीतात कानडी चाली येऊन बसल्या त्या काही आकाशातून पडल्या नाहीत. कुमार गंधर्व सुळेभावीचे. रेणुका म्हणा, यल्लम्मा म्हणा, डोंगर तोच. इथल्या राजकारणाचं काय ते असो, चौंडक्याला दोन्ही भाषांत चौंडकंच म्हणतात, जीभ तेवढी थोडी वळते. तुमच्यासाठी अंतर भाषेचं कमी आणि शिकण्याच्या पद्धतीचं जास्त आहे: कागद विरुद्ध कान.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत आणि त्या इथे बसून मला सांगता येणार नाहीत. तो मेळ मंचावर गायलेला आहे की फक्त देवाच्या दारात? मंचाची सवय असेल तर आठ तालमी पुरतील. नसेल तर त्यांना तालीम हा प्रकारच विचित्र वाटेल, कारण तेच पद पुन्हा पुन्हा का म्हणायचं? अशा वेळी तुम्हीच तिकडे जा. यरगट्टीवरून दीड-दोन तासांचा रस्ता आहे. पौष किंवा माघ पौर्णिमेच्या जत्रेत एक रात्र डोंगरावर नुसते बसलात तर माझं निम्मं उत्तर वाचायची गरज नव्हती. दोन महिन्यांत पौर्णिमा साधत नसेल तर मंगळवार-शुक्रवार बघा.

कुठलं पद मंचावर चालतं आणि कुठलं नाही, हे त्यांना विचारा, आणि नाही म्हणाल्या तर कारण मागू नका. डोक्यावर जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेऊन म्हणायचं ते वेगळं, करमणुकीचं वेगळं. हाही विषय नाजूक आहे: देवाला मुली सोडण्याविरुद्ध १९८२ मध्ये कर्नाटकात कायदा झाला आणि त्या प्रथेची झळ सोसलेली माणसं आजही या मेळांत असू शकतात. निवेदकाने त्यांच्या आयुष्याची कहाणी सांगून टाळ्या घेऊ नयेत. नाव, गाव, पद. बस. जोगतींच्या, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्यांच्या, कलेला मान हवा असेल तर माता बी. मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, हे सांगा. तुम्ही प्रश्नात "त्या बाई" लिहिलंय, समोर अक्का म्हणा, वयाने मोठ्या असतील तर अव्वा.

पैशाचं पटकन सांगतो. तालमीचा दिवस म्हणजे त्यांचा मजुरीचा दिवस मोडतो. कार्यक्रमाचं मानधन वेगळं आणि तालमीचं वेगळं द्या, त्याच दिवशी, हातात. सात माणसं तर सात सारखे वाटे. आणि रेकॉर्डिंग इंटरनेटवर चढवणार असाल तर आधी कन्नडमध्ये लिहून, वाचून दाखवून संमती घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःचा हक्क आहे, ५० वर्षांचा. तो तुमच्याइतकाच त्यांचाही. एका कार्यक्रमात आम्ही हे केलं नव्हतं आणि पुढे आमच्यासोबतच्या मेळाचं पद कुठल्या तरी जाहिरातीमागे ऐकू आलं. मला त्यांच्या गावाला जायची अजून लाज वाटते.

ध्वनिव्यवस्थेवाल्याला एवढंच सांगा: चौंडक्याला चामड्याजवळ वेगळा माइक, चेलोला खाली एक, बाकी तिघांना मिळून दोन, आणि घुमारा (रिव्हर्ब) शून्यावर. तो ऐकणार नाही. स्वतः जाऊन बटण बघा. पावसाळी हवा असेल तर चामडं सैल पडतं, ते शेकायला त्यांना वेळ लागतो. साउंड चेकनंतर तासभर तसंच ठेवलंत तर पुन्हा शेकावं लागेल, म्हणून त्यांचा चेक शेवटी.

आता पुढच्या तालमीला स्टँड आणि कागद नेऊ नका. तिन्ही दिवसांचा षड्ज टिपून झाला की इथेच लिहा, कुठली पट्टी निघाली ते. आणि झील ओढताना पुण्याच्या बाईंचा आवाज वर चढत नसेल तर त्यांना खालच्या सप्तकात म्हणू द्या, आमच्याकडचा एक झीलकरी जन्मभर तसंच म्हणत आला.